गढीवरची डबी

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर एखादा छंद असावा, असं मुलगा, सून आणि मी अशा तिघांचंही मत होतं. छंद कोणता, हे मात्र आम्ही सांगायचं विसरलो, आणि चूक तिथे झाली.

ह्यांची सगळी नोकरी जमीनमोजणी खात्यात गेली. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या मधली हद्द मोजायची आणि दोघांनाही नाराज करून परत यायचं, हे काम ह्यांनी इतकी वर्षं निष्ठेने केलं. साहजिकच, घरी बसल्यावर मोजायला काही उरलं नाही तेव्हा माझ्या पोळपाटाचा व्यास आणि गॅलरीचा उतार मोजून झाला. तेवढ्यात कोणीतरी ह्यांना तो डब्या शोधण्याचा खेळ दाखवला.

खेळ असा. कोणीतरी रिकामटेकडा माणूस एखादी डबी डोंगरात, पुलाखाली नाहीतर बागेतल्या बाकाखाली लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश फोनवर जाहीर करतो. मग दुसरे रिकामटेकडे ते आकडे घेऊन उपग्रहांच्या मदतीने तिथे पोचतात, डबी शोधतात, आतल्या कागदावर सही करतात आणि डबी होती तिथे परत ठेवतात. परत ठेवतात, हे मी मुद्दाम सांगते, कारण पहिल्यांदा ऐकून मला ते खरं वाटलं नव्हतं. डबीत कोणी किल्लीची साखळी, गोटी, प्लास्टिकचं बदक असं काहीबाही ठेवलेलं असतं. त्यातलं काही घेतलं तर त्याच्या तोडीचं दुसरं काही ठेवून यायचं, असा दंडक आहे. माणसाने अब्जावधी खर्चून आकाशात उपग्रह सोडले ते एका प्लास्टिकच्या बदकापर्यंत पोचायला, हे ह्यांच्यामुळे मला कळलं.

या खेळात ह्यांची जोडीदार म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. साठीला आली आहे, पण घरात सगळे तिला बेबीच म्हणतात, आणि आमचा मुलगाही स्वतःचे केस पिकायला लागले तरी तिला बेबीआत्याच म्हणतो. ती ग्रंथालयात होती. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक नुसतं रांगेवरून नजर फिरवून काढायची. डोंगरावरही तेच. आमचे हे जागा दाखवणारं यंत्र हातात धरून मोठ्याने आकडे वाचत पुढे जायचे, एका जागी थांबून "इथेच" असं जाहीर करायचे, आणि बेबी मागून येऊन शेजारच्या दगडाखालून डबी काढायची. त्यावर हे म्हणायचे, "बघ, अक्षांश बरोबर होते." घरी आल्यावर नोंद ह्यांच्या नावावर. बेबीने कधी तक्रार केली नाही. तक्रार मी करायचे, पण माझ्या तक्रारीला त्या खेळात जागा नाही.

एक गोष्ट मात्र ह्यांच्या बाजूने सांगायला हवी. बेबीचे यजमान गेले तेव्हा हे स्वतः जाऊन तिला आणि तिचं सामान घरी घेऊन आले. तेव्हा कित्येक दिवस ती कोणाशी बोलत नव्हती, तर हे रोज सकाळी तिच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. बातम्या, बाजारभाव, जाहिराती, सगळं. एके दिवशी गाद्यांच्या जाहिरातीवर ती हसली आणि ह्यांनी ती जाहिरात कापून ठेवली. ही जमा बाजू ह्यांच्या नावावर कायमची आहे. मला कितीही राग आला तरी मी तिच्यातून काही वजा करत नाही, आणि राग तर रोजच येतो.

आता गढीबद्दल. गावाबाहेरच्या टेकडीवर एक पडकी गढी आहे, सातआठशे वर्षांपूर्वीची. तिथे लपवलेली डबी म्हणजे या लोकांचं दैवत, कारण ती कोणालाच सापडत नव्हती. ज्यांनी लपवली ते गृहस्थ गुडघ्यांमुळे पुन्हा वर चढलेच नव्हते. फोनवरच्या समूहात त्यांनी एवढीच खूण दिली होती: पहारेकऱ्याच्या पाठीमागे. किती जण वर जाऊन, खरचटून, रिकाम्या हाताने खाली आले. आणि गेल्या वर्षी एका रविवारी आमचे हे एकटे गेले आणि शोधून आले. एकटे, कारण बेबीची दाढ सुजली होती. त्या संध्याकाळी समूहावर इतके अंगठे उमटले की ह्यांचा फोन गरम झाला. तेव्हापासून ह्यांच्या बोलण्यात "मी गढीची डबी शोधली तेव्हा" हे वाक्य न येता जेवण झालेलं मला आठवत नाही.

त्याच सुमारास माझी बटणांची डबी नाहीशी झाली. निळी, पत्र्याची, झाकणावर शिडाचं जहाज. आईकडून आलेली. तिच्यासाठी अर्थातच कोणी समूह काढला नाही. ह्यांनी मात्र मनापासून मदत केली. पलंगाखाली बॅटरी घेऊन आडवे झाले, कपाटामागे हात घातला आणि शेवटी, घरात वस्तू जागच्या जागी ठेवण्याची शिस्त नाही, असा निष्कर्ष काढला.

आणि बेबीची दाढ. तिला ज्यांच्याकडे नेलं ते दंतवैद्य विधुर, ह्यांच्याहून वर्षभराने मोठे, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. दाढेचं काम इतकं लांबलं की तेवढ्या वेळात अख्खा जबडा नवा बसवून झाला असता. मी हिशेब तपासनीस म्हणून नोकरी केली आहे. एवढ्याशा दाढेवर एवढे दिवस लागले की मला कागद न बघता कळतं. ह्यांना कळलं नाही. बेबी नवी साडी नेसून दात दाखवायला जाते, याचं ह्यांना काही वाटलं नाही.

शेवटी तिनेच एकदा रात्री जेवताना सांगितलं. मी आणि डॉक्टर लग्न करावं म्हणतो. हे आधी हसले, मग घास तसाच ताटात ठेवला. मग या वयात, लोक, शोभतं का, वगैरे जे म्हणायचं असतं ते सगळं म्हणून झालं. बेबीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, तू नको म्हणालास तर मी नाही करणार. तू दारात बसून वाचायचास ते मी विसरले नाही. पण नको म्हणायच्या आधी नीट विचार कर."

मला ते बोलणं पटलं नाही. भावाच्या होकारावर टांगून ठेवण्याइतका तिचा जीव स्वस्त नाही, असं मी तिला मोरीपाशी सांगितलंही. ती म्हणाली, वहिनी, तो हो म्हणाला नाही तर मला तिथे जाऊनही सुख लागणार नाही. मी भांडी घासत राहिले. ती ज्या अर्थी असं म्हणते त्या अर्थी ते खरंच तसं होतं, आणि गाठ आमच्या ह्यांच्याशी होती.

ह्यांनी दोन दिवस विचार केला. मोजणी खात्याच्या मानाने हे जलदच. मग निकाल दिला: डॉक्टरांनी गढीवरची डबी शोधून दाखवावी. सापडली तर हो, नाही तर विषय बंद. ज्या माणसाला एक डबी सापडत नाही तो माझ्या बहिणीला काय सांभाळणार, असा त्यामागचा तर्क. मी विचारलं, मला सांभाळताना तुम्ही कोणती डबी शोधली होती? त्यावर ह्यांना अचानक फोन आला.

रविवारी सकाळी आम्ही चौघं टेकडीच्या पायथ्याशी. डॉक्टर आले ते गुडघ्यांना पट्टे, डोक्याला दिवा, गळ्यात शिट्टी, आणि शर्टाच्या खिशात पेनांच्या शेजारी त्यांचा तो लांब दांडीचा गोल आरसा, जो ते लोकांच्या तोंडात घालतात. हा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, सवयीने आला. ह्यांनी त्यांना बुटांपासून दिव्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, शस्त्रक्रिया नाही, फक्त चढण आहे. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे, दादा." हे म्हणाले, वर्षाने लहान आहे मी तुमच्यापेक्षा. डॉक्टर म्हणाले, मग तर चालण्यात तुम्हीच पुढे राहा. हे खरंच पुढे गेले, आणि त्यामुळे त्या दोघांना सगळी वाट मागून सोबत चालता आली. डॉक्टर दिसतात तितके साधे नाहीत, याची मी तिथेच नोंद घेतली.

दर वळणावर दम खायला थांबायचं नसल्यामुळे हे माहिती सांगायला थांबत होते. त्या गढीबद्दल इतिहासाला फारसं काही ठाऊक नाही. ह्यांना बरंच ठाऊक आहे. इथे हत्ती बांधत, इथून तेल ओतत, इथे कोणाचा तरी कडेलोट झाला. बेबी हुंकार देत होती. तिचं लक्ष नव्हतं. एकदा माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, नाहीच सापडली तर?" मी म्हटलं, नाही सापडली तर तुझ्या भावाला मी इथेच सोडून जाईन, सातआठशे वर्षांनी लोक बघायला येतील. ती हसली आणि पुन्हा मागे डॉक्टरांच्या शेजारी गेली.

वर पोचलो. दोन बुरूज, कमान पडलेला दरवाजा, कोरडं टाकं, आणि कुठेच न जाणाऱ्या काही पायऱ्या. दगडांना हात लावू नये अशी पाटी, जिला लोकांनी हात लावून लावून वाकवलं होतं. डॉक्टर कमरेवर हात ठेवून तटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वरची ओळ गेली सगळी. खालच्या दाढा मात्र वाचवता येतील." बेबी खुदकन हसली. हे हसले नाहीत. दाढेचं काम इतके दिवस का चाललं, ते मला त्या एका हसण्यावरून पुन्हा कळलं.

मग परीक्षा. ह्यांनी फोनमधले आकडे वाचून दाखवले, खूण सांगितली, आणि नियम घातला की बेबीने जागेवरून उठायचं नाही, बोलायचं नाही, बोटही दाखवायचं नाही. स्वतः एका ढासळलेल्या भिंतीवर न्यायाधीशासारखे बसले. मी सँडविच काढली. बेबीने एक घेतलं ते हातातच राहिलं. तिने एकदा दरवाजाकडे नजर टाकली, फक्त एकदा, आणि लगेच खाली मान घातली. मी समजले की तिला कुठे बघायचं ते कळलं आहे. आणि ती बोलणार नाही हेही समजले, कारण भावाला शब्द दिला होता. या घराण्यात शब्द पाळण्याचं काम एकाच भावंडाच्या वाट्याला आलं आहे.

मी ह्यांच्याकडे बघत होते. हे बुरुजाकडे बघत होते, टाक्याकडे बघत होते, आभाळाकडेही बघून झालं. मागच्या पायऱ्यांकडे मात्र एकदाही बघितलं नाही. माणूस जिकडे मुद्दाम बघत नाही तिथे आधी बघायचं, एवढं मला नोकरीने शिकवलं आहे. पण सँडविच चांगली झाली होती, म्हणून बसून राहिले.

डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी नुसते फिरले. मग दरवाजाच्या आतल्या बाजूला पहारेकरी बसायचे त्या देवडीत शिरले, भिंतीला पाठ लावून पहारेकऱ्यासारखे उभे राहिले, आणि मग वळून आपल्या पाठीमागे काय होतं ते बघू लागले. तिथे दगडांच्या सांध्यात एक अरुंद फट होती. त्यांनी डोक्यावरचा दिवा लावला, खिशातला आरसा काढून फटीत घातला आणि दांडी फिरवत भिंतीला म्हणाले, "जरा मोठं उघडा."

सवय. बेबीने तोंडावर पदर धरला.

फटीत ठोकलेला एक चिपेचा दगड निघाला, मग धूळ, मग एक जुनं कोळ्याचं जाळं, आणि मग घट्ट झाकणाची राखाडी डबी. डॉक्टर ती दोन्ही हातांत धरून उन्हात आले. चेहरा असा, जणू काही अक्कलदाढ एका तुकड्यात निघाली आहे. बेबी उभी राहिली. आता उठायला हरकत नव्हती.

हे भिंतीवरून उतरले. डबी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "ही ती नव्हे."

डॉक्टरांनी झाकण उघडलं. आत एक प्लास्टिकचं बदक होतं, हे सांगायला नको. आणि घडी घातलेला सह्यांचा कागद. "कागद कोरा आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती, नुसतं निरीक्षण होतं.

"बघा," हे म्हणाले. "माझी सही आहे का त्यावर? नाही. मग ही ती कशी असेल? मी शोधलेली डबी मला माहीत नाही? कोणीतरी भलतंच काहीतरी इथे ठेवून गेलंय. खरी डबी निळी आहे. पत्र्याची. झाकणावर जहाज आहे."

माझा हात सँडविचच्या पुड्यावर होता, तो तिथेच राहिला.

आमच्यापैकी कोणी हो-नाही म्हणायच्या आत हे तरातरा त्या पायऱ्यांकडे गेले, तिसऱ्या की चौथ्या पायरीखाली हात घातला आणि आपल्या खरेपणाचा पुरावा घेऊन परत आले. निळी. पत्र्याची. शिडाचं जहाज. एका कडेला थोडी गंजली होती. विजयाने ती त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर धरली, आणि धरल्यावर त्यांची नजर माझ्यावर गेली.

तो क्षण मी त्यांना पुरता उपभोगू दिला.

पलंगाखालची बॅटरी, कपाटामागचा हात, घरातली शिस्त, सगळं माझ्या जिभेवर ओळीने उभं होतं. वर्षभराचा साठा होता. मी तोंड उघडलंही होतं. पण बेबीने ती डबी ओळखली होती, मी या घरात आले तेव्हापासून तिने त्याच डबीतून आपल्या ब्लाउजांना बटणं लावली होती, आणि ती माझ्याआधी बोलली. अगदी हळू, जसं लहान मुलाला उठवतात.

"त्या दिवशी मी आले नव्हते ना, दादा."

हे डबीकडे बघत राहिले. मग पायरीवर बसले. न्यायाधीश गेला, आमचे नेहमीचे हे उरले, थोडे पोक काढलेले.

"यंत्र इथवर आणतं," ते म्हणाले. "पुढे तू बघायचीस. मी दुपारभर बघितलं. सगळे दगड सारखेच दिसतात."

मग हळूहळू बाकीचं आलं. बदलीची खेळणी ठेवायला घरातून हाताला लागली ती डबी नेली होती. रिकाम्या हाताने खाली उतरवेना. म्हणून तीच ठेवून दिली, आणि खाली पोचेपर्यंत ती मूळचीच असल्याची खात्री वाटायला लागली. मी विचारलं, आणि घरी बॅटरी घेऊन शोधत होतात ते? ते म्हणाले, ते मन लावून शोधत होतो. मला वाटतं, हे खरं असावं.

डॉक्टरांना आत्ता कुठे सगळं कळत होतं. त्यांनी घसा साफ केला. "आमच्याकडेही मूळ दात नसला तर खोटा बसवतात, दादा. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला मूळचा म्हणायचं नाही."

मला वाटलं, आता हे त्यांना तटावरून खाली ढकलणार आणि कडेलोटाची गोष्ट निदान एकदा तरी खरी होणार. पण ह्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. बहिणीकडे बघत म्हणाले, "तू गेलीस की रविवारी मी काय करायचं?"

एवढंच होतं. लोक, वय, शोभतं का, सगळा पसारा मांडून झाला होता तो या एका वाक्यावर झाकण म्हणून.

बेबी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "दोन गल्ल्या पलीकडे जातेय, दादा. ते तर तुझ्या यंत्रालाही सापडेल."

मग हे उठले, पँट झटकली, आणि मोजणी खात्यातला आवाज काढून डॉक्टरांसमोर उभे राहिले. "नियम माहीत आहे ना? काही घेतलं तर त्याच्या तोडीचं ठेवायचं."

डॉक्टरांनी खिसे चाचपले. पेनं, शिट्टी, रुमाल. शेवटी त्यांनी तो आरसा रुमालाने नीट पुसला आणि दांडीकडून पुढे केला. "तोडीचं माझ्याकडे काही नाही," ते म्हणाले. "हा ठेवा. रविवारी तिघे येऊ. बेबी जागा सांगेल, बघायचं तुम्ही."

तिला त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच बेबी म्हटलं. ह्यांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. आरसा घेऊन ते देवडीत गेले, त्या फटीत घातला आणि एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिले. आत आता बघण्यासारखं काहीही नव्हतं. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "ठीक आहे."

आमच्या घरात याहून मोठा होकार मी आजवर ऐकलेला नाही. मला स्वतःला लग्नाच्या वेळी "चालेल" मिळालं होतं.

राखाडी डबीतल्या कागदावर पहिली सही डॉक्टरांची झाली, खाली बेबीची, आणि त्याखाली ह्यांची, जरा लहान अक्षरात. डबी फटीत परत गेली. निळी डबी मी माझ्या पिशवीत टाकली आणि तिच्या बदल्यात काहीही ठेवलं नाही. तो खेळ त्यांचा, डबी माझी.

संध्याकाळी ह्यांनी समूहावर खुलासा टाकला. गेल्या वर्षीची नोंद उपग्रहांच्या त्रुटीमुळे चुकीची झाली असून, पहिल्या शोधाचा मान आमच्या घरातल्या दंतवैद्यांना जातो, असं त्यात होतं. आकाशात फिरणाऱ्या त्या बिचाऱ्या यंत्रांना बाजू मांडायची सोय नाही. पण "आमच्या घरातल्या" हे शब्द बेबीने मला फोन हातात देऊन दोनदा दाखवले, म्हणून मी उपग्रहांच्या वतीने गप्प बसले.

राहता राहिली बटणं. डबी नेताना ती कशात ओतली, हे ह्यांना आठवत नाही. रविवारी तिघे डोंगरात जातात आणि दर वेळी काही ना काही शोधून येतात, बढायाही आता तिघांत वाटल्या जातात. आठवड्याचे बाकीचे दिवस हे डॉक्टरांचा आरसा घेऊन कपाटांच्या मागे, फळ्यांच्या वर आणि फडताळाच्या फटींत बघत घरभर फिरतात. अजून एकही बटण सापडलेलं नाही. काल मी म्हटलं, बेबीला बोलवा. ते फडताळाखालून म्हणाले, जागा बरोबर आहे, फक्त उजेड कमी पडतोय.